मी मनकर्णाबाईचा तवा

मी एक लोखंडी तवा आहे, पडेगावच्या मनकर्णाबाईचा. रंगानं काळा, बुडाला जाड, मधोमध जरासा खोलगट. माझी कुणी स्तुती केली तर मी लाजत नाही. भाकर कशी भाजायची ते मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत माझ्यावर भाकर करपली असेल तर ती माणसं भांडत बसली म्हणून.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. लाल होईस्तोवर तापवायचं, घणानं ठोकायचं, पुन्हा तापवायचं. त्या मारानंच मला आकार आला. मग शहागंजच्या बाजारात तव्यांच्या चळतीत मी पडून राहिलो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. एक दिवस साळूबाई नावाची बाई आली. तिनं चार-पाच तवे बोटाच्या पेरानं वाजवून पाहिले आणि मला उचललं.

"लेकीचं लगीन हाय," ती दुकानदाराला म्हणाली. "हंडे-पराती सासरचे होतील. तवा तेवढा तिचा ऱ्हाईल."

ती लेक म्हणजे मनकर्णाबाई. तिच्याबरोबर मी पडेगावला कडूबाच्या घरी आलो. घरची थोडी शेती होती, ज्वारी पिकायची. सकाळ-संध्याकाळ माझ्यावर भाकर पडायची, आरावर टम्म फुगायची. सोबत अंबाडीची भाजी नाहीतर मुगाचं वरण आणि कांदा. तेव्हा त्या घरात कुणी आजारी पडलेलं मला आठवत नाही.

पुढं वाळूजला कारखाने उभे राहिले. कडूबाला तिथं ठेकेदाराच्या हाताखाली काम लागलं आणि घराचा नूर पालटला. शेतातली ज्वारी बाजारात जाऊ लागली, घरात पाव आणि बिस्किटं येऊ लागली. कडूबा कंपनीच्या गेटवर वडापाव खायचा, भजी खायची, वर दोन-दोन कप गोड चहा. ज्वारी गरिबाची, असं तोंडानं कुणी बोललं नाही, पण वागणं तसंच होतं. मला चुलीमागं सरकवलं. अंगावर गंज चढला. एका पालीनं माझ्या आडोशाला अंडी घातली. एवढीच काय ती माझी विचारपूस.

त्या घरातली तिजोरी म्हणजे कडूबाच्या सदऱ्याचा खिसा. मनकर्णाबाईला चहापत्ती आणायची असली तरी आधी त्या खिशाला विचारावं लागे. कडूबा नाही म्हणत नसे. पण "परवाच तर दिले व्हते" एवढं म्हटल्याशिवाय देतही नसे.

एका दुपारी कडूबा मशीनजवळ चक्कर येऊन पडला. सोबतच्या माणसांनी दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर वाढली होती. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते मनकर्णाबाईनं घरी येऊन शेजारणीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. "गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि गेटवरचं खाणं बंद," असं म्हणून त्यांनी विचारलं होतं, "शेतात ज्वारी पिकते ना?"

"पिकते की."

"मग ती विकून पाव कशाला खाता?"

 शेजारणीला हे सांगता सांगताच मनकर्णाबाईनं मला बाहेर ओढलं, विटेच्या भुकटीनं आणि चिंचेनं घासलं, तेलाचा हात फिरवला आणि चुलीवर चढवलं. पहिली भाकर चिकटली. दोष माझ्यातल्या गंजाचा होता. दुसरी सुटली. तिसरी फुगली, तशी मनकर्णाबाई हसली.

कडूबा आधी कुरकुरला. पण गोळ्या वेळेवर, जेवण घरचं आणि संध्याकाळी शेताच्या बांधापर्यंत चालणं, असं तीन-चार महिने झाल्यावर त्याच्या पायांची साखरेनं होणारी आग थांबली. चेहरा निवळला. काम मात्र गेलं होतं, ठेकेदारानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. गोळ्यांसाठी कडूबाला थोरल्या भावाकडं हात पसरावा लागला. भावानं पैसे दिले, पण आधी ओट्यावर बसवून ठेवलं. त्या दिवशी कडूबा घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून निजला.

अशात आप्पासाहेब आले. दौलताबादच्या रस्त्यावर त्यांचा ढाबा होता. वेरूळला जाणारी माणसं तिथं थांबायची आणि चुलीवरची भाकर मागायची. "वहिनींना पाठव," ते कडूबाला म्हणाले. "मान ठेवू, पगार देऊ."

मनकर्णाबाई निघाली. तिथले तवे पातळ होते, म्हणून मलाही सोबत घेतलं. काय दिवस होते ते! पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबत. माणसं चुलीजवळ येऊन भाकर फुगताना बघत उभी राहत. आप्पासाहेबांनी दारावर भाकरीचं चित्र असलेला मोठा फलक लावला. मला वाटलं, आपलं सोनं झालं.

पण महिना भरला की आप्पासाहेब पगार कडूबाच्या हातात द्यायचे आणि कडूबा तो खिशात टाकायचा. मनकर्णाबाईच्या हाताला चटके आणि चहापत्तीला पुन्हा तोच खिसा.

शेजारच्या मुनिरानं एकदा तिला स्पष्टच विचारलं. मुनिरा रहीमची बायको. रहीमची काळीपिवळी जीप होती, तो वाळूजच्या कामगारांची ने-आण करायचा. "भाभी, हात तुमचे जळतात आणि पैसे उनकी जेब में? ये क्या हिसाब हुआ?"

 दुसऱ्या दिवशी दुपारी ढाब्यावर मनकर्णाबाई आप्पासाहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"आप्पासाहेब, या महिन्यापासून पगार माझ्या हातात द्या."

आप्पासाहेब हसले. "वहिनी, कडूबा काय परका हाय का? पैसा घरातच जातो की."

"तुमचा गल्ला तुमच्या भावाकडं जातो का? तो बी घरातलाच हाय."

आप्पासाहेबांचं हसू गेलं. "बरं. कडूबाला इचारून सांगतो."

त्या एका वाक्यानं निकाल लागला. मनकर्णाबाईनं वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकांच्या भाकरी भाजून दिल्या. कुणाला उपाशी उठवलं नाही. मग मला चुलीवरून उतरवलं, पोत्यात गुंडाळलं. आप्पासाहेब म्हणाले, "तवा कुठं नेता?"

"माझ्या आईनं दिलाय," ती म्हणाली आणि डोक्यावर चुंबळ ठेवून मला घेऊन निघाली. मी अजून गरम होतो. पोत्यातून धग लागत असणार, पण घर येईस्तोवर तिनं मला खाली ठेवलं नाही.

घरी भांडण झालं. तिनं मला चुलीवर ठेवलं होतं, भाकर टाकली होती, तेवढ्यात कडूबा म्हणाला, "घरात चार पैसे येत व्हते, तेबी घालवले."

"तुमच्या खिशात येत व्हते. माझ्या हातात नुसतं पीठ."

"म्या काय उडवले का?"

"नाय उडवले. पण मागावं तर लागतच व्हतं. भावानं तुम्हाला ओट्यावर बसवून ठेवलं, तव्हा कसं वाटलं व्हतं? मला तसं रोज वाटतं."

 माझ्यावरची भाकर काळी पडली, धूर झाला, तरी दोघांचं लक्ष नव्हतं. शेवटी कडूबानंच ती उलथन्यानं काढली. करपलेला पदर सोलून टाकला आणि उरलेली भाकर मुकाट्यानं खाल्ली.

सकाळी मुनिरा आली. सगळं तिनं भिंतीपलीकडून ऐकलंच होतं. "तुम्ही भाकर करा," ती म्हणाली. "दुधी घालून आंबट डाळ मैं बनाती. डबे अजरा के अब्बा जीपमधून नेतील. गेटवरचे लोग भी तो रोज वडेच खातात बिचारे." अजरा तिची मुलगी.

दोघींनी डबे सुरू केले. गल्लीत कुजबुज झाली, हिच्या हातची डाळ आणि तिच्या हातची भाकर म्हणून. वाळूजच्या गेटवर भुकेल्या माणसांनी असलं काही विचारलं नाही. त्यांनी डबे चाटून-पुसून परत पाठवले. पहिल्या आठवड्यात डबे थोडे होते. दिवाळीपर्यंत रहीमच्या जीपच्या टपावर डब्यांच्या पाट्या बांधाव्या लागल्या. दोघींनी बँकेत आपापल्या नावाची खाती उघडली. मनकर्णाबाई सही करायला शिकली होती. तिचं अक्षर माझ्यासारखंच, जाड आणि वाटोळं.

कडूबा सुरुवातीला लांब बसून बघायचा. मग सरपण आणू लागला. मग एक दिवस त्यानं परात पुढं ओढली आणि ऊन पाण्यात पीठ मळायला घेतलं. पहिल्या दिवशी पिठात पाणी जास्त झालं. मनकर्णाबाईनं नुसतं मूठभर पीठ वरून टाकलं. कडूबाचा मित्र बन्सी दारातून ओरडला, "कडूबा, बायकोच्या हाताखाली लागला का?"

"व्हय," कडूबा मळता मळता म्हणाला. "ठेकेदाराच्या हाताखाली व्हतो, त्यापेक्षा लई बरं हाय."

मग रस्त्याच्या कडेला दोघींची पत्र्याची खानावळ उभी राहिली. तिथं आप्पासाहेब एकदा स्वतः आले. पगार हातात देतो, दुप्पट देतो, परत या, म्हणाले. मनकर्णाबाईनं त्यांना बसवलं आणि ताट वाढलं. भाकर, डाळ, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. ते पोटभर जेवले. उठताना पैसे काढले आणि सवयीनं हात कडूबाकडं नेला. कडूबाचे हात पिठात होते. त्यानं मानेनंच मनकर्णाबाईकडं दाखवलं.

आप्पासाहेबांनी वळून तिच्या हातात पैसे ठेवले. तिनं सुट्टे परत दिले. म्हणाली, "येत जा."

माझ्या आयुष्यात मी बरीच धग सोसली, पण त्या दुपारी जी ऊब वाटली ती चुलीची नव्हती.

आता मी म्हातारा झालो आहे. बूड झिजलं, काठाला चीर गेली. खानावळीत माझे धाकटे भाऊ तीन आहेत, ते जास्त भाकरी भाजतात. माझ्यावर फक्त घरच्यांची भाकर होते. कडूबा अजून गोळ्या घेतो आणि अजून बांधापर्यंत चालतो.

आज गुरुवार. आज खानावळ बंद होती. वेरूळच्या वाटेवर सगळा जन्म गेला, तिथं जाणाऱ्यांना हजारो भाकरी वाढल्या, पण लेणी काही मनकर्णाबाईनं पाहिली नव्हती. काल डब्यांना झाकणं लावता लावता ती मुनिराला म्हणाली, "उद्या जाऊ." कुणाला विचारलं नाही, कुणाकडं मागितलं नाही. सकाळी दोघी, कडूबा आणि रहीम जीपनं गेले. जाताना कालच्या भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून नेली.

आत्ता परत आलेत. मनकर्णाबाई पाय धुऊन ओट्यावर बसली आहे. "अख्खा डोंगर वरून खाली कोरलाय," ती बन्सीला सांगते आहे. "आम्ही तिथंच झाडाखाली बसून भाकर खाल्ली. आपल्याच हातची, पण लई गोड लागली."

तवा गार असला की माणसं घाबरतात. घरात दाणा नाही, अशी ती खूण. मीही गार पडून धास्तावलेले दिवस काढले आहेत. आजचा गारवा वेगळा आहे. तो मालकिणीनं स्वतःच्या मर्जीनं मला दिला आहे.

बाबांनो, तुमच्या चुलीमागं माझा कुणी भाऊबंद गंजत पडला असेल तर त्याला बाहेर काढा. शेतात पिकतं ते आधी आपल्या ताटात येऊ द्या. आणि जिच्या हाताला चटके बसतात, तिच्याच हातात कमाई द्या. एवढंच मागणं.

उद्या पुन्हा तापायचं आहे. आज मला गारच राहू द्या.