धोंडीरामांचं तेल आणि माझे ब्रेक

मी एक सायकल, मित्रांनो, आणि तीही जुनी. इतकी जुनी, की माझ्या अंगावरचं कंपनीचं नाव धोंडीरामांच्या पँटीला घासून घासून पार पुसलं गेलं. धोंडीराम सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होते. पहिली पाळी असो की तिसरी, त्यांना नेणं आणि आणणं माझ्याकडे. मी घरात आले त्या दिवशी त्यांच्या पत्नीने, मालनबाईंनी, मला ओवाळलं होतं. ते उपकार माझ्या खात्यावर अजून जमा आहेत.

धोंडीराम निवृत्त झाले, तशी मीही झाले. गॅलरीत माझ्या हँडलला कांद्याची पिशवी आली आणि कॅरिअरवर ओल्या चादरी. पण खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, माझा मान वाढला. आधी त्या दिवशी धोंडीराम लेथ तेलानं पुसून लख्ख करत. आता पुसायला लेथ उरली नव्हती, म्हणून ते तेल माझ्या वाट्याला आलं. मी गंजले नाही ती त्यांचीच कृपा.

मग यंदा सुनेनं, उज्वलानं, मला खाली उतरवलं. एका संस्थेनं नाशिक ते धुळे सायकलफेरी ठरवली होती. धुळ्याला पोचेल त्या प्रत्येक सायकलीमागे एका माणसाला कृत्रिम पाय मिळणार होता. उज्वलानं नाव दिलं साळूबाईचं. साळूबाई पिंपळगावला द्राक्षं भरणाऱ्या पॅकहाउसच्या फाटकाशी क्रेटवर बसून चहा विकायची, शेजारी कुबडी. दर रविवारी आमचा सराव पिंपळगावपर्यंत. पोचलो की साळूबाई म्हणायची, "लय दमली का गं? सायकल बी दमली असंल, तिलाबी पाज."

बाकीच्यांच्या गिअरच्या सायकली होत्या. त्या माझ्याकडे अशा बघत, जशा नव्या सुना सासूच्या मैत्रिणीकडे बघतात. मी लक्ष दिलं नाही.

शेवटची चाचणी नेमकी दसऱ्याला ठेवली होती. पिंपळगाव गाठेल त्यालाच धुळ्याचा नंबर मिळणार होता.

"दसऱ्याच्या दिवशी सून सायकलवर, आणि पुरण मी वाटू?" मालनबाई कडाडल्या.

"आई, दुपारी पोळ्या मी लाटते ना."

"लाटशील! पाय उचलले तर."

उज्वला निघाली. पहिला मोठा उतार कालव्याच्या पुलाकडचा. पुढे टेम्पो थांबला, म्हणून तिनं ब्रेक दाबले. मी चाकं आवळली, मित्रांनो, पण ती हातातून मासा सुटावा तशी सुटत गेली. उज्वलानं मला रस्त्याकडेला वळवलं, आणि आम्ही दोघी सरळ अंबूबाई फुलवालीच्या झेंडूच्या ढिगात.

"अगं बाई!" अंबूबाई म्हणाली. "फुलं घ्यायची तर उतरून घ्यावीत!"

मग तिनंच उज्वलाला उठवलं. गुडघा सोलवटला होता. उज्वलानं माझ्या रिमवर बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. तिनं बोट ओढणीला पुसलं आणि मला ढकलत घरी आणलं.

"रस्त्यावर वाळू होती," तिनं घरी सांगितलं.

"झालं समाधान?" मालनबाई म्हणाल्या. "आता ती सायकल जाऊ दे भंगारात."

माझा तर जीवच गेला. साळूबाईचा पाय गेला, आणि मीही गेले.

धोंडीराम खाली वाकले. रिमवरून अंगठा फिरवला, तो नाकाशी नेला. मग म्हणाले, "वाळू नव्हती. माझं तेल होतं. लेथ समजून पुसली मी."

मालनबाईंचा सगळा राग जागच्या जागी वळला. "म्हणजे पोरीचा गुडघा तुम्ही फोडलात? आणि ती तुम्हाला पाठीशी घालते? बघत काय बसलात, धुवा ती चाकं! आणि उज्वला, त्या संस्थेच्या बाईला फोन लाव. म्हणावं, चूक सासऱ्याची, सुनेला शिक्षा का?"

फोन लागला. पुढच्या रविवारी पुन्हा चाचणी द्यायची सवलत मिळाली. धोंडीरामांनी साबणाच्या पाण्यानं माझे रिम धुतले, ब्रेकला नवे रबर बसवले आणि अंगणात मला पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं. रविवारी कालव्याच्या उतारावर उज्वलानं श्वास रोखून ब्रेक दाबले. मी थांबले. इतकी अचूक थांबले, की अंबूबाईनं दुरूनच ओरडून विचारलं, "आज फुलं नकोत का?"

नंबर मिळाला. आम्ही धुळेही गाठलं, गिअरवाल्यांच्या बऱ्याच मागून, पण गाठलं. आता साळूबाई उभी राहून चहा ओतते.

मित्रांनो, घरात जुनी सायकल असेल तर तिला जपा. तेल साखळीला द्या, रिमला नको. आणि मायेच्या भरात चुकीच्या जागी लागलंच, तर धोंडीरामांसारखं सांगून टाका. लपवलेल्या तेलावर कुठलाच ब्रेक लागत नाही.