चिपवर बोललेली गुंतवळ

मारुतीच्या मंडपात उभं राहायला जागा नव्हती. कर्जतहून माणसं टेम्पो करून आली होती. साल सत्त्याण्णव. गहिनीनाथ महाराजांपुढे काचेची बशी, तिच्यात नखाएवढी चिप, चिपपासून तार थेट कर्ण्याच्या मशिनला.

"अमेरिकेत जित्या नसांची वीज या चिपवर मोजत्यात. आपन मेलेल्यांची मोजतो," महाराज म्हणाले. "मानूस जातं, नसा जाग्या ऱ्हात्यात. एक आवाज म्हंजी व्हय, दोन म्हंजी न्हाई."

माझी बारी आली. माझ्या बायकोला, बनूला, जाऊन सात महिने झाले होते. पोटात दुखतंय म्हणाली, तेव्हा मी म्हणालो, कांदा काढून झाला की नगरला नेतो. कांदा निघाला त्याच दिवशी ती गेली. तिचं कण्हणं मला घरात रोज ऐकू यायचं.

विंचरताना निघालेले केस ती गुंडाळून न्हाणीच्या फटीत खोचायची, केसांवर भांडी देणाऱ्या भांडीवालीला द्यायला. ती गुंतवळ मी रुमालातून आणली होती. महाराजांनी ती बशीतल्या पाण्यात बुडवली.

"बनू, माझ्यावरचा राग गेला का?"

कर्णा घुरघुरला. घर्र. एकदाच. मी तिथंच रडलो.

"अकरा सोमवार या. बाईंना लई बोलायचंय," महाराज म्हणाले.

बनू गेल्यापासून बहीण भागूबाई माझ्याकडे राहते. ती बशीवर वाकली. "दादा, ह्याला मेंदी हाय. वैनी कवा मेंदी लावायची? पोळ्यापासून मीच तिथं खोचतीय. ही माझी गुंतवळ हाय!"

"भागूआक्का, तुमी कवा वारला?" गावातला कर्णेवाला मच्छिंद्र म्हणाला. मंडप हसला.

"एका घरात लहर इकडची तिकडं जाती," महाराज म्हणाले.

भागूबाईची मुलगी वृषाली पुण्यात प्रयोगशाळेत काम करते. ती पुढे झाली. "मामा, चिप खोटी नसते. गोगलगायीच्या जिवंत पेशी आम्ही तिच्यावर ठेवतो आणि त्यांची बारीकशी वीज टिपतो. पेशी मेली की रेघ सपाट. आणि केसात नस नसतेच. कापताना दुखतं का कधी?"

तिने गुंतवळ बाहेर काढली. "महाराज, घर्र व्हायच्या आधी तुमचा अंगठा सतरंजीखाली गेला. आता जरा मांडी मोडा."

महाराज हलेनात. मच्छिंद्रने सतरंजी ओढली. खाली मशिनची दुसरी तार होती, टोकाला सोललेली. वृषालीने तिला बोट लावलं. घर्र. पुन्हा लावलं. घर्र.

"आसपासच्या वायरींची वीज आपल्या अंगात थोडी उतरते. तीच कर्ण्यातून ऐकू येते."

"लग्नात माइकची पिन धरली की असंच हुतंय की!" मच्छिंद्र ओरडला.

माणसं हसत होती. मला हसू आलं नाही. बहिणीच्या केसांनी मला माफी दिली होती आणि मी ती घेतली होती.

घरी येऊन फटीत पार तळापर्यंत बोटं घातली. बनूचा एकही केस नव्हता. तिचे केस तिनेच देऊन टाकले होते. त्यावर घेतलेली पळी चुलीपाशी आहे.

कण्हणं अजून ऐकू येतं. ते माझ्याच डोक्यातलं आहे, एवढं आता कळतं.

तुम्हाला कुणी मेलेल्याचा आवाज ऐकवत असेल, तर आधी त्याला जागेवरून उठायला सांगा. आणि घरात कुणाचं दुखत असेल, तर कांदा राहू द्या. आजच न्या.