दत्तोबांची दोन सीटांची गाडी

वारज्याच्या दत्तोबांनी ती लाल गाडी घेतली तेव्हा अख्खं गाव हसलं होतं, आणि हसणाऱ्यांचं तसं काही चुकलं नव्हतं. घरात माणसं सात आणि गाडीत सीटा दोन. वर टप म्हणून कॅनव्हासचं एक फडकं, तेही अर्धं फाटलेलं. प्रभात रोडच्या एका डॉक्टरांकडे दत्तोबांचा दुधाचा रतीब होता. डॉक्टर कायमचे विलायतेला निघाले, त्यांची बंद पडलेली स्पोर्ट्स कार कुणी घेईना, ती दत्तोबांनी बैल जुंपून ओढत गावात आणली. मग खटपटी करून चालू केली आणि तिच्यातून दुधाच्या किटल्या नेल्या, कडबा नेला, कारभारणीला, म्हणजे सरुबाईंना, शेजारी बसवून कात्रजच्या घाटापर्यंत फिरवून आणलं. अंगावर धोतर-सदरा, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा डोक्यावरच्या टोपीवर, उडू नये म्हणून. हौशी माणूस, दुसरं काय.

ते दिवस सरले. सरुबाई गेल्या, म्हशी गेल्या, काचबिंदूनं दत्तोबांचे दोन्ही डोळे गेले आणि कालव्याकाठचं वावरही गेलं. वावर मात्र आपणहून गेलं नाही. थोरल्या मुलानं, जयसिंगनं, ते बिल्डरला विकलं. भावकीत सगळ्यांनीच विकलं, त्यानंही विकलं, त्यासाठी त्याला कोण बोल लावणार? बोल लावायचा तो वेगळ्याच गोष्टीसाठी. आंधळ्या बापाला त्यानं खरं सांगितलं नाही. सही घेताना म्हणाला, वावर खंडानं कसायला देतोय. मशीनं घरघरायला लागली तेव्हा म्हणाला, रस्त्याचं काम चाललंय. तिथंच उंच इमारत झाली, तिच्यातच पहिल्या मजल्यावर घरची सगळी राहायला आली, आणि एके दिवशी गॅलरीत बसल्या बसल्या दत्तोबांना कालव्याच्या पाण्याचा वास आला.

"जयसिंग," ते म्हणाले, "आपुन आपल्याच वावरात बसलोय न्हवं?"

जयसिंग उठून आत निघून गेला. त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं लेकाच्या शब्दावर विश्वास ठेवणं सोडून दिलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं सोडून दिलं. आबा, भाकरी गरम हाय, असं जयसिंगनं म्हटलं तरी आधी बोटांनी चाचपून बघायचे आणि मगच घास तोडायचे. जयसिंग साठीला आलेला, नातवंडांचा आजा झालेला माणूस, पण ती चाचपणारी बोटं बघितली की तो अर्ध्या ताटावरून उठायचा.

उरला होता फक्त गोठा, आणि गोठ्यात ती गाडी. सोसायटीच्या बागेसाठी गोठाही पाडला आणि गाडी ढकलत आणून पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली लावली. हेही जयसिंगनं बापाला सांगितलं नाही. आता या माणसाला काय म्हणावं? सांगू, सांगू म्हणत राहिला आणि भावकीतला हिंदुराव चहाला येऊन सांगून गेला. गोठा पडला म्हटल्यावर दत्तोबांनी कपबशी खाली ठेवली.

"आन गाडी?" त्यांनी विचारलं. मग जयसिंगच्या दिशेनं तोंड करून स्वतःच म्हणाले, "इकलीस."

"न्हाई आबा. आईशपथ न्हाई. खाली पार्किंगात हाय."

"दाव मग. मला हात लावू दे."

तेव्हाच हाताला धरून खाली न्यायचं होतं. जिना उतरायचा, ताडपत्री उचलायची, संपलं असतं. पण त्या ताडपत्रीखाली काय आहे ते जयसिंगला ठाऊक होतं. सीटांमध्ये उंदरांनी बाळंतपणं केलेली, स्प्रिंगा वर आलेल्या, पत्रा गंजून पायाखाली भोकं पडलेली. डोळे गेले तेव्हा बापानं गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली होती, जप म्हणून. हे असं जपलं, असं कसं दाखवणार? त्याला लाज वाटली.

"बॅटरी उतरलीय, आबा," तो म्हणाला. "जरा दम धरा. नीट करतो आन मग बसवतो तुम्हाला."

"असू दे," दत्तोबा म्हणाले. म्हणजे काय ते त्यालाही कळलं.

त्याची बायको विजयमाला स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. "अहो, आधी एकदा खाली नेऊन आणा की त्यांना," ती म्हणाली. "मग करत बसा काय करायचं ते."

"त्या उकिरड्यात बसवू बापाला?" जयसिंग तिच्यावर खेकसला. ती परत कणीक मळायला लागली. तिनं गप्प बसायला नको होतं, पण नवऱ्याच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं, हे तिला इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं.

आणि मग जयसिंगनं जे काम काढलं, ते बघायला सोसायटी लोटली. इंजिनापुरता मेकॅनिक आणला आणि पत्र्याला रंग देण्यापुरता पेंटर. बाकी सगळं स्वतः. गॅरेजवाला म्हणत होता सोडून जा, करून देतो. पण बापाची गाडी परक्याच्या हातात द्यायला याचं मन घेईना. मोबाइलवर बघून बघून सीटा उकलल्या. आतला कुजका काथ्या ओढून काढला. नाना पेठेतून स्प्रिंगा आणल्या, बोहरी आळीतून रेक्झिन आणि फोम. फोम कापायला विजयमालाची भाजीची सुरी पळवली, शिवायला तिचंच मशीन पळवलं आणि सुया मोडून ठेवल्या. कडेची गोट वाकडी आली की पुन्हा उसवायचा, पुन्हा शिवायचा. गंजलेला पत्रा कापून नवा बसवला, त्यावर डांबर, डांबरावर गालिचा. डॅशबोर्डची फळी घासून पॉलिश केली. तिसऱ्या मजल्यावर सदाशिव पेठेतून राहायला आलेले शरच्चंद्र म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. ते रोज फिरायला जाताना थांबायचे. "आपण गाडी दुरुस्त करताय, की गाडीला त्रास देताय?" असं एकदा विचारून गेले. पण सीटा पूर्ण झाल्या त्या दिवशी त्यांनीही चष्मा पुसून पाहिलं आणि काही न बोलता पुढं गेले. पुण्यात याला कौतुक म्हणतात.

त्या दिवसांत जयसिंग सुखात होता, हेही सांगायलाच हवं. हाताला डिंक, नखात डांबर, पाठ धरलेली, आणि तरी माणूस शीळ घालायचा. आबा बसतील, हात फिरवतील, म्हणतील, जपलीस रं. एवढंच त्याला हवं होतं. एकदा बापानं आपलं खरं मानावं, मग बाकी काही नको. म्हणून जे जे जुनं, फाटकं, वेडंवाकडं दिसलं, ते ते त्यानं काढलं. स्टिअरिंगला तडे गेले होते म्हणून दत्तोबांनी सुतळी गुंडाळली होती. ती सोडून चामड्याचं कव्हर घातलं. गिअरच्या दांड्यावर बाभळीची हातानं तासलेली मूठ होती, तिच्याजागी चकचकीत नवी. चालवणाऱ्याच्या सीटवर सरुबाईंनी गोधडीच्या टाक्यांनी लावलेलं लुगड्याचं ठिगळ होतं, ते सीटच्या कातड्याबरोबर गेलं. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात म्हशीनं शिंगानं मारलेला पोचा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून असा बुजवला की शोधून सापडेना. सगळा कचरा पोत्यांत भरून सकाळच्या घंटागाडीत टाकला. हात झटकले. गाडी शोरूममधून काल आल्यासारखी दिसत होती.

एका रविवारी सकाळी दत्तोबांना धुतलेलं धोतर नेसवलं, नवी टोपी घातली आणि हाताला धरून खाली आणलं. मागे विजयमाला. जयसिंगनं बापाचा हात उचलून बॉनेटवर ठेवला आणि बाजूला झाला.

हात डाव्या कोपऱ्याकडे सरकला. तिथं थांबला. मागे आला, पुन्हा गेला, तळव्यानं नाही तर बोटांनी. मग दारावरून आत, सीटवर. सीटवर तो हात कितीतरी वेळ काहीतरी शोधत होता. तिथून स्टिअरिंग. तिथून गिअर. दत्तोबांनी वास घेतला. नव्या रेक्झिनचा आणि डिंकाचा वास नुसता भरून राहिला होता.

"कुणाची हाय ही?" त्यांनी विचारलं.

"आपलीच, आबा."

"म्हशीचा पोचा कुटं गेला?"

"भरून काढला, आबा."

"तुज्या आईचं ठिगाळ?"

"काढलं. सीटच नवी केली."

"सुतळी? मूठ?"

"तीबी काढली," जयसिंग म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटायला लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो बापाला शब्द न् शब्द खरं सांगत होता, आणि ते नेमकं वावराच्या वेळेसारखंच ऐकू येत होतं. घाईघाईनं त्यानं किल्ली फिरवली. नव्या सायलेन्सरमुळं इंजिन मांजरागत गुरगुरलं. दत्तोबांची गाडी कधी अशी गुरगुरली नव्हती, ती खोकायची.

म्हाताऱ्यानं शांतपणे हात काढून घेतला. "चांगली हाय," ते म्हणाले. "ज्याची हाय त्याला निऊन दे. लोकाची वस्तू हाय, वरखडा पडंल."

जयसिंग त्यांच्या पायाशी बसला. शपथा घेतल्या. विजयमालानं देवाची आण घेतली, तर दत्तोबा म्हणाले, "पोरी, तू नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार. बोलावंच." हिंदुरावाला बोलावलं, त्यालाही त्यांनी हात जोडले. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग घंटागाडीमागं धावला, ती पोती कुठं जातात विचारायला. गाडीवरच्या बाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. "दादा, कधीची पोती?" ती म्हणाली. "ती आता मातीत मिळाली असतील." तो तसाच फाटकापाशी उभा राहिला आणि ढसाढसा रडला. वॉचमननं त्याला खुर्ची दिली.

त्यानंतर दत्तोबांनी अंथरूण धरलं. गाडीमुळंच असं म्हणत नाही, वय झालं होतं, अंगात ताप मुरला होता. अन्न कमी होत गेलं. जयसिंग उशाशी बसायचा, पेज भरवायचा, आणि म्हातारा आधी बोट बुडवून मगच चमचा तोंडात घ्यायचा.

एका दुपारी त्यांनी आपणहून हात पुढं केला. इतक्या वर्षांत केला नव्हता. जयसिंगनं तो दोन्ही हातांत धरला.

"जयसिंग, माजा राग न्हाई बरं का," दत्तोबा म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण नीट कळत होता. "वावार इकलंस, गोठा घालवलास, गाडी इकलीस. लेकराबाळांसाठीच केलंस की. मलाबी कवातरी कुणीतरी इचारायचं, एवडंच माजं म्हननं हुतं. पर आता न्हाई राग."

गाडी विकली नाही आबा, खाली आहे, तुमच्या खोलीच्या बरोबर खाली, हे जयसिंगच्या अगदी ओठावर आलं. विजयमाला दारात उभी होती, तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो नाही म्हणाला असता तर म्हाताऱ्यानं मरता मरताही लेक खोटं बोलतोय असंच धरलं असतं, आणि पुढं आलेला हात मागं गेला असता. वावराच्या गुन्ह्याची माफी याच हातात होती. ती त्याला इतकी हवी होती की त्याला स्वतःचीच कीव आली.

"व्हय आबा," तो म्हणाला. "इकली."

दत्तोबांनी मान हलवली. किती वर्षांनी लेक खरं बोलला, असं समाधान त्यांच्या तोंडावर दिसलं. जयसिंगला ते बघवेना, पण त्यानं नजर काढली नाही.

"चांगल्या मानसाला दिलीस न्हवं?"

"व्हय."

"जपतोय का तो?"

"लई जपतोय, आबा," जयसिंग म्हणाला. "पार नवी करून टाकलीय त्यानं."

"मंग बरं झालं," दत्तोबा म्हणाले, आणि लेकानं पुढं केलेला पेजेचा चमचा त्यांनी न चाचपता तोंडात घेतला.