नुसता आवाज

हातातलं ते राजवाड्याची माहिती ऐकवणारं काळं यंत्र साबणाच्या वडीएवढं होतं आणि घामाने तसंच निसटत होतं. दर थोड्या वेळाने ती ते रुमालाला पुसून पुन्हा कानाशी नेई, आणि आतली बाई, कुठल्याशा थंडगार खोलीत बसून बोलावं तशी, न दमता बोलत राही. राणीचा आरसा. राणीची न्हाणी… न्हाणीत आता पाणी नव्हतं, तळाशी बाटलीचं एक निळं झाकण पडलं होतं, आणि राजवाड्याच्या जाड भिंतींच्या आतसुद्धा हवा अशी जड की श्वास घ्यायचा म्हणजे गरम पाण्याचा घोट घ्यावा. बाईचा आवाज मात्र चांगला होता. ऐकताना तिला स्वतःला आवाजातलं कळायचं—तिची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या टेलिफोनवर गेली होती, फोन उचलल्या उचलल्या नुसत्या श्वासावरून तिला कळे की या माणसाला डॉक्टर हवा आहे की नुसतं कुणीतरी बोलायला हवं आहे.

पलीकडे खांबाला टेकून नवरा ऐकत होता. डोळे अर्धवट मिटलेले, मान हळूहळू डोलते आहे… असा तल्लीन तिने त्याला कधी पाहिला नव्हता. लोकांना सहलीला न्यायचं आणि सुखरूप आणून सोडायचं, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. बस उभी करायची आणि इतर लोक बघायचं ते बघून येईपर्यंत चाकाच्या सावलीत डुलकी काढायची. आता निवृत्त झाल्यावर लेकीने ही सहल काढून दिली, तर सकाळी शहर दाखवणाऱ्या बसमध्ये हा बरोबर ड्रायव्हरच्या मागे बसला, आणि वळण आलं की याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. तिने हळूच आपलं पाऊल त्याच्या पावलावर ठेवलं, तेव्हा दोघांनाही हसू आलं.

हसू आलं खरं, पण ते वरवरचं. गेला महिनाभर तिच्या मनात सल होता. घर विकून लेकीकडे राहायला जायचं ठरत होतं—ठरवलं कुणी असं नाही, लेक म्हणाली, जावई म्हणाला, हा गप्प राहिला, आणि ते ठरतच गेलं. मग एका संध्याकाळी, भांडी घासता घासता, ती पाठमोरीच म्हणाली होती, मला नाही जायचं हो हे घर सोडून. लग्न झाल्यापासून स्वतःसाठी म्हणून तिने असं काही मागितलंच नव्हतं. आणि हा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “हो, चांगलं होईल.” चांगलं होईल! तिने ते पातेलं पुन्हा घासलं, स्वच्छ होतं तरी घासलं, आणि त्यानंतर त्या विषयावर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. इतकी वर्षं ज्याच्या डब्यात पोळ्या भरल्या, त्या माणसाला आपलं एक वाक्य जड होतं… बरं तर बरं.

तेवढ्यात तिचं यंत्र अडकलं. बाई राणीची… राणीची… करत एकाच जागी अडखळायला लागली. ती नवऱ्याजवळ गेली, द्या बघू तुमचं, म्हणत तिने त्याच्या हातून यंत्र घेतलं आणि कानाला लावलं.

काहीच नाही. तिने बटण दाबून पाहिलं, हलवून पाहिलं. दिवासुद्धा लागत नव्हता.

“कधीपासून बंद आहे हे?”

तो तिच्या तोंडाकडे बघत होता—तोंडाकडे, डोळ्यांकडे नव्हे. “छान सांगतात,” तो म्हणाला.

तिला आधी हसूच फुटायला आलं. मग ते ओठांवरच थांबलं. कारण आता एकेक आठवायला लागलं, न बोलावता… लेकीचा फोन आला की बरी आहेस ना, एवढं विचारून लगेच, घे, आईशी बोल. बापाचा अबोल जीव, असं तिला वाटायचं. टीव्हीपुढे ती हसली की मग हा हसायचा, जरासा मागून. भाजी आवडली का? हो. उद्या बँकेत जाऊन याल का? हो… आणि मग जायचा नाही, आणि ती चिडायची. आणि ती संध्याकाळ! नळ सोडलेला, भांड्यांचा खणखणाट, आणि मी पाठमोरी. म्हणजे त्याने माझं बोलणं टाकून दिलं नव्हतं. त्याच्यापर्यंत ते गेलंच नव्हतं. महिनाभर मी ज्या माणसावर रुसून बसले, त्याला मी रुसले आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं, कारण अबोला धरला तो ज्याला नीट ऐकूच येत नाही अशा माणसाशी.

तिने यंत्र परत दिलं. अजून दोन दालनं बाकी होती. त्याने ते गंभीरपणे पुन्हा कानाला लावलं. ती त्याच्या बाजूने चालत राहिली. खिडकीतली जाळी बोटाने दाखवली, छतावरचे पक्षी दाखवले, आणि प्रत्येक वेळी तो जरा जास्तच मान हलवायचा.

बाहेर ऊन नुसतं ओतत होतं. भिंतीच्या सावलीतल्या पायऱ्यांवर दोघं कलिंगडाच्या फोडी घेऊन बसली. नेहमीप्रमाणे तिला आतल्या बाजूला, आपल्या डावीकडे घेऊन तो बसला होता. रस्त्याने चालतानाही हीच पद्धत—गाड्यांच्या बाजूला तो, आत ती. ती उठली आणि, या बाजूने तरी ऐकू येतं का बघावं म्हणून, त्याच्या उजवीकडे जाऊन बसली.

“अगं, तिकडे ऊन आहे.”

“असू दे,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, “तुमचं यंत्र बंद होतं.”

त्याने एक बी काढून बाजूला ठेवली. दुसरी काढली. “माहीत आहे.”

“पहिल्यापासून?”

“तुझं चालू होतं ना. तू मान हलवलीस की मी हलवायचो.”

तिने तोंड फिरवलं. समोर रिक्षावाले सीटवर पाय पसरून झोपले होते, एकाच्या तोंडावर टोपी होती. तिला विचारायचं होतं, मला का नाही सांगितलंत, डॉक्टरकडे का नाही गेलात, पण हे सगळं तिच्या चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण तोच बोलायला लागला. इंजिनाशेजारी बसून बसून कान गेले, म्हणाला, बऱ्याच ड्रायव्हरांचे जातात. आधी डावा, आता उजवाही कुरकुरतो. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं. मग फोडीकडे बघत म्हणाला,

“तुझा आवाज येतो. शब्द नाही येत पुष्कळदा, नुसता आवाज. तो आला की बरं वाटतं मला. म्हणून हो म्हणतो.”

तिने हातातली फोड खाली ठेवली. घरभर मी बोलत असते, स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, कुणाशी म्हणून नाही… आणि इकडे हा बसून ते ऐकतो, पाऊस ऐकावा तसं.  आता राग उरला नव्हता, पण तो कुठे संपला आणि हे दुसरंच काही कुठे सुरू झालं, ते तिला सांगता आलं नसतं.

“बोलायचं होतं काही?” त्याने विचारलं, आणि उजवा कान तिच्याकडे केला. कानाच्या पाळीवर पांढरे केस उगवले होते. ते तिने कधी पाहिलेच नव्हते. मान कलती करून तो थांबला, बसमध्ये शेवटचा माणूस चढेपर्यंत थांबत असेल तसा, घाई न करता.

वाक्य तयार होतं. महिनाभर ते घोळून घोळून गुळगुळीत झालं होतं. पण ते भांड्यांना सांगितलेलं वाक्य होतं, चिडून. या कानात, इतक्या जवळून, ते तसंच जाईल असं तिला वाटेना. मला घर सोडायचं नव्हतं, की कुणीतरी मला विचारायला हवं होतं, एवढंच? आणि हा स्वतः… याला तरी जायचं होतं का? की हाही लेकीच्या नुसत्या आवाजाला हो म्हणाला होता?

“सांगते,” ती म्हणाली, आणि आणखी जवळ सरकली. त्याच्या सदऱ्याला उन्हाचा आणि घामाचा वास येत होता. जन्मभर लोकांचे निरोप तिने न अडखळता इकडून तिकडे पोचवले होते. आता स्वतःचा पहिला शब्द कोणता, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तरीही तिला कसली घाई वाटत नव्हती.