सगळ्यांच्या टीव्हीवर चालणारी डिस्क

राहात्यात खतांच्या एका दुकानाच्या माडीवर जयामावशीचं वधू-वर सूचक केंद्र आहे. खाली युरिया, वर सोयरीक. युरियाची रांग हंगामी असते. वरची बारमाही, आणि तिच्यात सगळे मुलांचे बाप असतात. मुलीकडचे रांगेत उभे राहत नाहीत. त्यांच्याकडे मावशी स्वतः स्कूटीवरून जाते.

केंद्राची वेबसाईट मावशीचा भाचा कल्याण सांभाळतो. वेबसाईटसाठी एखाद्या कंपनीची जागा भाड्यानं घ्यावी, असं त्यानं एकदा सुचवलं होतं. "लोकांच्या पोरींचे फोटो परक्याच्या घरात ठिवायचे? येडा हाय का खुळा?" मावशीनं विचारलं. कल्याणला यातला कुठलाच पर्याय पसंत पडला नाही, म्हणून त्यानं माडीवरच्याच एका काळ्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला. तेव्हापासून जगात कुठूनही कोणी ती वेबसाईट उघडली, की तो माणूस अखेर खतांच्या दुकानावरच येऊन पोचायचा.

त्या सकाळी कल्याण माडीवर आला तेव्हा मावशी फोनवर होती. पलीकडे काष्टीचे हनुमंतराव होते. मुलगा ओंकार, बागायत शेती, गोठा, तीन वर्षं नाव नोंदवलेलं.

"ताई, आमच्या ओंकारचा फोटू दिसंना."

"सगळ्यांचेच दिसंनात हनुमंतराव. मशीन बिघडलंय."

"तसं न्हाई, कुठं जमलं म्हणून तुमी काढला आसंल तर सांगून टाका. आमाला आनंदच हाय."

कल्याणनं वेबसाईट उघडली. नावं होती, शिक्षण होतं, एकर होते. फोटोंच्या जागी मात्र नुसत्या रिकाम्या चौकटी. एका चौकटीवर बोट ठेवलं तर उत्तर आलं : परवानगी नाही.

"आता लग्नाला ह्याची बी परवानगी लागती व्हय?" मावशी म्हणाली.

झालं होतं ते असं. जुनी डिस्क भरली म्हणून कल्याणनं आदल्या दिवशी नवी आणली होती. मावशीची अट एकच होती : डिस्क सगळ्यांच्या टीव्हीला चालली पाहिजे. मुलीच्या घरी गेल्यावर ती टीव्हीला लावायची आणि मुलांचे फोटो घरादाराला मोठे करून दाखवायचे, असा तिचा बेत. मोबाईलवर नाक नीट कळत नाही आणि आजीला मुलगाच कळत नाही, हा तिचा अनुभव. मावशीपुढं कोणाचं चालत नाही, तसं कल्याणचंही चाललं नाही. टीव्हीला ओळखता येईल अशा पद्धतीनं त्यानं डिस्क तयार केली, सगळे फोटो तिच्यावर चढवले आणि डिस्क सर्व्हरला जोडून घरी जाऊन झोपला.

डिस्कवर माल मांडण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. सर्व्हरला चालणाऱ्या पद्धतीत प्रत्येक फाईलीपुढं मालक कोण आणि ती बघायची मुभा कोणाला, हे लिहिलेलं असतं. टीव्हीच्या पद्धतीत त्याला जागाच नाही. नाव-हिश्श्याचा रकानाच नसलेला सातबारा म्हणा. डिस्क ज्यानं जोडली, तोच सगळ्याचा धनी. इथं धनी कल्याण झाला होता, आणि वेबसाईट चालवणारा प्रोग्रॅम दारात उभा राहून परवानगी मागत होता. कल्याणनं ती द्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. कॉम्प्युटर दर वेळी तेच सांगे, की असं करता येत नाही.

दुपारपर्यंत रांगेतले बाप जिन्यावर आले. मावशीचा आवाज खालच्या दुकानात ऐकू जाऊ लागला. तेव्हा कल्याणनं सगळेच करतात ते केलं. डिस्क काढून पुन्हा जोडली आणि जोडताना सांगून टाकलं, की इथलं सगळं सगळ्यांचं.

चौकट न् चौकट भरली. जिन्यावरचे बाप आपापल्या मुलाला मोबाईलवर बघून खाली उतरले. मावशीनं चहा सांगितला. तो यायच्या आत फोन आला.

"ताई, पसंत हाय!" हनुमंतराव म्हणाले.

"कोण पसंत हाय?"

"ती हो, पारनेरची. पिवळा ड्रेस, मागं मोगऱ्याची कुंडी. संस्कृती. पयल्या पानावरच हाय की! मी ओंकारच्या मामाला बी धाडलाय फोटू. मामाला बी पसंत हाय."

"पोरीला इचारलंय का कुणी?" मावशी म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. तोवर कल्याणनं सर्व्हरची वायर ओढून काढली होती.

मुलींचे फोटो त्या वेबसाईटवर कुलुपात असत. मुलीची आई हो म्हणाली, तर त्या एका स्थळाला दाखवायचे. बाकी कोणाला नाही. पहिल्या पानावर ताजे फोटो आपोआप फिरत, पण मुलींचं दार त्या पानाला बंद होतं. कल्याणच्या 'सगळं सगळ्यांचं'नं तेही दार उघडलं. आणि सगळ्यात ताजा फोटो संस्कृतीचा होता.

तो द्यायला पारनेरच्या मुक्ताबाईंनी आख्खा पावसाळा घेतला होता. मला विचारल्याशिवाय कोणाच्या नजरेला पडता कामा नये, अशी अट. मावशीनं त्यांच्या घरी भरल्या ताटावर हात ठेवून शब्द दिला होता. त्या शब्दावर पारनेरच्या आणखी दोघीजणींनी आपापल्या लेकींचे फोटो दिले. तो शब्द मोडला असं पारनेरात कळलं, की केंद्रात नुसते मुलांचे बाप उरणार होते.

"मावशी, जरा वेळच होता तो फोटो," कल्याण हळूच म्हणाला. "मुक्ताकाकूंना कुठून कळतंय?"

"ओंकारच्या मामाला कळलंय. आता ते जिल्ह्याला कळलं म्हणून समज." तिनं डिस्ककडं बघितलं. "हे टीव्हीपायी झालं का रं?"

"टीव्हीपायी, अन् माझ्या घाईपायी."

"मग पूस ती. सर्व्हरला चालंल तशी कर."

"टीव्हीला चालायची नाही मग."

"न्हाई चालली तर न्हाई. मुलांचं तेवढं पेनड्राईव्हवर घालून दे मला."

कल्याण डिस्क पुसायला बसला. मावशीनं फोन घेतला, पदर सारखा केला, जणू मुक्ताबाई समोरच होत्या.

"मुक्ताबाई, जया बोलतीय राहात्यावरनं. माझ्या हातनं चूक झाली. संस्कृतीचा फोटो उघडा पडला."

मुक्ताबाईंनी विचारलं, "कुणी बघितला?"

"काष्टीच्या एकांनी. अन् त्यांच्या मेव्हण्यानं."

"नाव काय त्यांचं?"

"तुमचं झाकता आलं न्हाई मला. आता त्यांचं उघडं करत न्हाई."

"फोटो पुसा."

"पुसते. त्यांना बी पुसायला लावते."

"माझ्यादेखत पुसा," मुक्ताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत डिस्क नव्या पद्धतीनं उभी राहिली. जुन्या डिस्कवरचे फोटो पुन्हा तिच्यावर आले. मुलांचे वेबसाईटच्या ताब्यात, मुलींचे वेगळ्या मालकीत.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई पिशवी घेऊन जिना चढून आल्या. पाणी नको, चहा नको. कल्याणशेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यानं संस्कृतीचा फोटो दोन्ही डिस्कवरून त्यांच्यासमोर पुसला. त्यांनी आणखी एकदा शोधायला लावला. सापडला नाही.

"त्या दोघींच्या लेकींचं?"

कल्याणनं आपल्या मोबाईलवरून त्या फोटोंचा पत्ता उघडून दाखवला. परवानगी नाही, असं उत्तर आलं. मुक्ताबाईंनी ते स्वतःच्या मोबाईलवरून करून बघितलं. त्यांनाही परवानगी नव्हती. एवढ्यावर त्यांनी पाणी मागितलं.

मावशीनं तांब्या पुढं केला. "मुक्ताबाई, नावच काढून टाकायचं का मग?"

"नाव ऱ्हाऊ द्या." त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं, आतला फोटो मावशीला नीट बघू दिला आणि पाकिटात घालून पिशवीत ठेवला. "कुणाला दाखवायचा असला की मला सांगायचं. मी आणीन, दाखवीन, घिऊन जाईन."

"पारनेरहून? दर वेळी?"

"यष्टीला बायांना अर्धं तिकीट हाय," मुक्ताबाई म्हणाल्या.