सर्व्हरला लागलेली अमावस्या

जव्हारच्या आमच्या शिक्षण संस्थेच्या ओट्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्यमाळ, साखरशेतहून आईबाप मुलींचे दाखले घेऊन वसतिगृहाच्या प्रवेशासाठी आले होते. आत सर्व्हर, म्हणजे सगळ्या याद्या सांभाळणारा मोठा संगणक, एकही फाइल उघडू देत नव्हता. २००७च्या जूनमधली अमावस्या होती. सलग तिसऱ्या अमावस्येला त्याने हेच केलं होतं.

इलाज ठरलेला होता. पूर्वी आमच्याकडे संगणकांची देखभाल करणारे सुदर्शनबुवा कपाळाला गंध लावून आले. डेटा हा देह आणि पासवर्ड हा प्राण, असं सांगत त्यांनी सर्व्हरच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. उदबत्तीचा वास आला, नारळ फुटला आणि फायली उघडल्या. लोकांनी हात जोडले. मी हेडक्लार्क, मीही जोडले.

मग बुवांनी कारण सांगितलं: झाडलोट करणारी सुकी भुताळी आहे, तिची नजर लागली. सांगितलं हळूच, पण ओटाभर ऐकू गेलं. त्याच दुपारी मी सुकीला कामावरून घरी पाठवलं.

मोखाड्याच्या आमच्या शाळेतल्या संगणक शिक्षिका शायस्ता मॅडम याद्या न्यायला आल्या होत्या. नेटवर्कचा मुख्य पासवर्ड आता त्यांच्याकडे होता. त्यांनी मला शेजारी बसवलं. आमचे सगळे संगणक एका डोमेनमध्ये, म्हणजे एकाच कारभाराखाली होते, आणि तिथलं बुवांचं खातं आम्ही वर्षापूर्वीच बंद केलं होतं. पण प्रत्येक सर्व्हरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांची आणखी एक, त्याची स्वतःची यादी असते. ती कोणीच पाहिली नव्हती. तीत एक नाव होतं, 'कृपा'. या कृपेनेच सर्व्हरला हुकूम देऊन ठेवला होता: दर अमावस्येला सकाळी दहा वाजता याद्यांचा फोल्डर बंद. वर्षभराच्या तारखा पंचांग पाहून भरल्या होत्या. आणि आज नारळ फुटला त्याच मिनिटाला कृपेने फोल्डर उघडल्याची नोंदही होती.

"विज्ञानाच्या पलीकडेही काही असतं," बुवा म्हणाले.

"असेल. पण त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार कोणी दिले, एवढंच मला विचारायचंय," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी 'कृपा' काढून टाकली. यापुढे त्या यादीत कोण राहील हे डोमेनवरूनच ठरेल, अशी सोय केली. पुढच्या अमावस्येला बुवा आले नाहीत. सर्व्हर दिवसभर बिनबोभाट चालला.

मी मात्र त्या अमावस्येची वाट पाहिली नव्हती. दुसऱ्याच दिवशी सुकीच्या पाड्यावर माफी मागायला गेलो. यादीचं, हुकुमाचं सगळं समजावून सांगितलं. ती नाचणी पाखडत ऐकत होती.

"मी भुताळी नाय, हां माना ठाव होता, सायेब," ती म्हणाली. "तुमाला मशीनला इचारायला लागला."