सगुणाबाईचे खड्डे

मार्गासनीची सगुणाबाई आंधळी आहे, हे तिला स्वतःला सोडून अख्ख्या गावाला मान्य होतं. "दिसत न्हाई म्हंजी आंधळी व्हय?" असं ती समोरच्यालाच विचारायची. उत्तर सुचलं तरी बाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

एका तापात डोळे गेले तेव्हा तिचा ज्ञानू रांगत होता. आता ज्ञानूची पोरं शाळेत जात होती. मधल्या सगळ्या वर्षांत घर, गोठा, आड आणि ओढ्याची वाट एवढं तिच्या पायांना पाठ झालं होतं. देवळात जायचं तर लेकाचा हात, बाजारात जायचं तर सुनेचा हात. पण महिन्या-दोन महिन्यांनी ती पालीला धाकट्या बहिणीकडे, बनाबाईकडे जायची, आणि तेवढी मात्र एकटी जायची. पाली फाट्यावर उतरलं की पुढची पायवाट काठीला ठाऊक होती. त्या दिवशी सगुणाबाई कुणाची आई नसायची, सासू नसायची, कुणाच्या गळ्यातलं लोढणंही नसायची. त्या दिवसावर ती बाकीचे दिवस काढायची म्हटलं तरी चालेल.

"आये, येकदा जरी भलत्या जागी उतरलीस," ज्ञानू दर खेपेला बजावायचा, "तर तुजं एकटीचं जानं बंद. सांगून ठिवतो."

"आजवर उतरले का?" ती विचारायची.

उतरली नव्हती, हे खरंच होतं. आणि त्याचं कारण होतं गेनबाची मोटार.

ही मोटार भोरच्या कुणा बड्या माणसानं वापरून, कंटाळून मोडीत काढलेली. लांबलचक, कापडी टपाची, मागं पाण्याचा डबा बांधलेली, कारण चढ लागला की तिला तहान लागायची. गेनबा ती भोर-वेल्हे अशी चालवायचा. चौघांच्या जागेत दहा माणसं, वर कोंबड्या, आणि पुढच्या बाकावर डावीकडच्या कडेला सगुणाबाई. ही जागा तिची. तिथं दुसरं कुणी बसलं तर गेनबा मोटार सुरूच करत नसे. या जागेच्या बरोबर खाली डावं चाक होतं, आणि चाकावर स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांची कमान. एकावर एक रचलेले ते पाटे म्हातारे होऊन पार बसले होते. त्यामुळे रस्त्यात गोटा आला की चाक तो पाट्यांना सांगायचं, पाटे बाकाला सांगायचे, आणि बाक सगुणाबाईच्या कमरेला. मधे कुणी काही लपवून ठेवत नव्हतं.

बाकीचे लोक त्या हिसक्यांना शिव्या द्यायचे. सगुणाबाईला त्यातच दिसायचं.

गाव सुटलं की पहिला दणका नाल्यावरच्या मोरीचा. तो बसला की तिच्या डोळ्यांपुढे नदीचा घाट उजळायचा, ओली लुगडी दगडावर आपटणाऱ्या बाया, त्यात तिची नणंद, अजून नवी नवरी. मग थोडी अंधारी वाट. मग दोन आचके लागोपाठ, ते आंब्याच्या मुळांचे. तो आंबा कधीच तोडून नेला होता म्हणतात, पण मुळं रस्त्याखाली होती, आणि आचके बसले की सगुणाबाईला तो पुरता दिसायचा. तिच्या आंब्याला श्रावणातही मोहोर असायचा. त्यापुढे फरशीचा बुटका पूल. ओढ्यावरच्या फरशीच्या तोंडाशी चाक धाडकन खाली जायचं, आणि वडलांची बैलगाडी पाण्यात उतरायची. आई निऱ्या वर धरून बसलेली, धाकटी बनी तिच्या मांडीवर झोपलेली, पाण्यात ऊन हलतंय. फरशीपल्याड चढ, चढावर बारीक खडीची थरथर, आणि त्या थरथरीत राजगड हळूहळू वर यायचा, आधी माची, मग बालेकिल्ला. तो पुरता वर आला की सगुणाबाई म्हणायची, "थांबीव गेनबा."

आणि फाटा आलेला असायचा. नवखे उतारू तोंडात बोट घालायचे. बाई उतरताना उगीचच पदर सारखा करायची, थोडा तोरा म्हणून.

उतरल्यावर मात्र ती लगेच चालायला लागत नसे. फाट्याच्या पुढ्यातच एक चर होता. मोटार त्यात आदळायची, मागचा डबा खणकन वाजायचा, आणि मगच सगुणाबाई काठी पुढं टाकायची. तो खणका म्हणजे तिच्या लेखी "जपून जा" होतं.

एकदा गेनबा आजारी होता म्हणून ती एसटीनं गेली होती. एसटी अशी गुबगुबीत की रस्ता आहे की नाही हेच कळेना. त्या दिवशी सगुणाबाई आयुष्यात पहिल्यांदा खरोखर आंधळी झाली. कंडक्टरनं दंडाला धरून उतरवलं, ते तिला इतकं लागलं की बहिणीकडेही ती दिवसभर धड बोलली नाही.

मग दिवाळीनंतरच्या एका खेपेला काहीतरी बिनसलं. फरशीवर नेहमीचा दणका बसला, वडलांची गाडी पाण्यात उतरली, आणि पाठोपाठ खालून आणखी एक टोला आला, बारका, कोरडा, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. आईच्या हातातल्या निऱ्या सुटल्या. चित्रच मोडलं. पुढं चढावरही पायाखाली कट्, कट् चालूच. गेनबाचं मोटारपुराण वर्षानुवर्षं ऐकलेली सगुणाबाई समजली. दणका एकदाच बसायला हवा. दोनदा बसतो म्हणजे पाटा आता वजन झेलत नाही, त्याला कुठंतरी चीर गेलीय.

ती बोलली नाही. बोललं की गेनबा मोटार भोरला मिस्त्रीकडे नेणार, मिस्त्री नवे पाटे घालणार, मोटारीची एसटी होणार. मग कुठली मोरी आणि कुठला आंबा? आणि न बोलावं तर? इकडे आड, तिकडे विहीर. घरी आल्यावर तिला जेवण गोड लागेना. सुनेला वाटलं भाजी बिघडली.

पुढच्या खेपेला ती बसली तेव्हा तिच्या आणि गेनबाच्या मधे एक पोरगी होती, सरू नावाची, दिवस भरत आलेली, बाळंतपणाला माहेरी वेल्ह्याकडे निघालेली. एरवी निवांत सुपारी चघळणारा गेनबा आज स्टेअरिंगशी झटत होता.

"काय रं, दमलास?" सगुणाबाईनं विचारलं.

"स्टेअरिंग डावीकडं वढतंय मावशी. हवा बगितली, चाकं इकडची तिकडं केली, तरी वढतंय. म्हातारी झाली गाडी, दुसरं काय."

सगुणाबाईनं मनाशी जुळवून पाहिलं. डावीकडं ओढतंय म्हणजे पाटा नुसता चिरलेला नाही, आता तुटायला आलाय, आणि त्या बाजूचा आख मागं सरकलाय. मोरी गेली. टोला मोठा होता. आंबा गेला, आंबा दिसलाच नाही. शेजारच्या सरूनं घाबरून तिचा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर दाबून ठेवला. आत बाळ हललं. पुढं फरशीचा उतार होता, आणि फरशीला कठडा नव्हता.

"थांबीव गेनबा!"

मोटार थांबली. मागं खसखस पिकली. "म्हातारी चुकली की वो! फाटा कुठं, ही कुठं!"

"मला न्हाई उतरायचं," सगुणाबाई म्हणाली. "तुमी समदे उतरा. गेनबा, डावीकडचा पाटा बग."

गेनबा मोटारीखाली घुसला. मग तो बाहेर आला आणि तिथंच धुळीत बसला. वरचा मोठा पाटा तुटून नुसता कड्यात अडकून राहिला होता. फरशीवर सुटला असता तर स्टेअरिंग त्याच्या हातात राहिलं नसतं.

हसणारे आपापली गाठोडी उचलून चालू लागले. सरूला एका बैलगाडीत बसवून दिलं. गेनबानं बाभळीचा ओंडका आणून आख आणि सांगाड्याच्या मधे ठोकला आणि चऱ्हाटानं आवळायला लागला. सगुणाबाई बाजूला उभी होती.

"मावशी, तुमाला कवा कळलं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "मागल्या खेपंला," ती म्हणाली.

चऱ्हाट ओढायचा आवाज थांबला. "आन् बोलला न्हाई?"

"गाडी नीट झाली की माजा रस्ता जाईल रं," सगुणाबाई म्हणाली. "मला खड्ड्यांतनं दिसतं. मोरी दिसती, आंबा दिसतो, आई दिसती. त्यापाई गप बसले. त्या पोरीच्या जिवावर उठले व्हते मी."

गेनबा हसलाही नाही आणि रागावलाही नाही. त्यानं गाठ मारली, ती ओढून बघितली, आणि रिकामी मोटार गोगलगाईच्या चालीनं भोरकडे वळवली. सगुणाबाईला एका बाईनं हाताला धरून फाट्यापर्यंत नेलं.

बातमीला पाय फुटतात आणि वाटेत तिचं अर्धं अंग गळून पडतं. ज्ञानूपर्यंत ती पोचली तेव्हा "म्हातारी मधेच थांबीव म्हणाली" एवढीच उरली होती. खरं काय ते कळल्यावरही तो हटला नाही. "भोरच्या भिमा मिस्त्रीनं दोनी बाजूचे पाटे नवे घातले, बूश बदलले, ग्रीस भरलं. गाडी लोण्यावानी चालती म्हनं. आता तुला कळायचं न्हाई, आये. म्या संगं येत जाईन."

"ही येक खेप एकटी जाते," सगुणाबाई म्हणाली. "चुकले, तर पुन्यांदा नाव काडनार न्हाई." बोलून गेली खरी, पण रात्री गोधडी तोंडावर घेऊन ती पुष्कळ वेळ जागी होती.

मोटार आली. डाव्या कडेची जागा रिकामी होती. गेनबा "बसा मावशी" एवढंच म्हणाला, आज जरा तुसडाच वाटला. मोटार निघाली, आणि सगुणाबाईनं बाक दोन्ही हातांनी धरलं. बाक मऊ झालं होतं. मोटार पाण्यावरच्या पानासारखी निघाली होती, चाकाचा आवाज नाही, पाट्याची कुरकुर नाही. सगळा अंधार, आणि अंधाराला कुठं काठच नाही. मोरी गेली का? यायचीय? आपण सरळ चाललोय की परत गावाकडं वळलोय? मागं कुणीतरी म्हणालं, "वा गेनबा, पाळन्यात बसल्यागत वाटतंय!" सगुणाबाईला रडू यायला लागलं. पाली गेली, बनी गेली. आता आयुष्यभर कुणाचा तरी हात.

धाड!

कोंबड्या ओरडल्या. "आरं ए! मोरी दिसत न्हाई व्हय?" मागून आरडाओरडा झाला. सगुणाबाईच्या अंधारात नदीचा घाट लख्ख उजळला, लुगडी आपटणाऱ्या बाया, नवी नवरी नणंद. रस्ता आहे. आपला रस्ता आहे अजून.

मग पुन्हा पाण्यावरचं पान, आणि मग लागोपाठ दोन आचके. आंबा! मोहोरानं लगडलेला. "गेनबा, डोळं फुटलं का तुजं?" मागचा म्हातारा कावला. "येवढा चांगला रस्ता सोडून कडंला घालतूस!" सगुणाबाई मनाशी म्हणाली, कसले नवे पाटे, भोरच्या मिस्त्रीनं गेनबाला चांगलाच गंडवला. आणि तिला त्या मिस्त्रीबद्दल फार माया वाटली. फरशीच्या तोंडाशी चाक धाडकन खाली गेलं, बैलगाडी पाण्यात उतरली, आई, बनी, ऊन. चढावर मोटार अगदी कडेच्या खडीतून थरथरत चालली, आणि राजगड वर आला, आधी माची, मग बालेकिल्ला.

"थांबीव गेनबा."

"फाटा आला," मागचा म्हातारा नाइलाजानं म्हणाला.

सगुणाबाई उतरली. पदर सारखा केला. आज तोरा जरा जास्तच होता, ज्ञानूला काय काय ऐकवायचं याची तिनं मनात जुळणीही केली. मग नेहमीसारखी काठीवर हात ठेवून ती थांबली. पुढं चर होता. डबा खणकला की निघायचं.

मोटारीनं गिअर बदलला. ती अगदी हळू झाली, चराला वळसा घालून गेली, नव्या पाट्यांवर अलगद डोलली आणि पुढं निघाली. डबा वाजलाच नाही. आवाज लांब लांब गेला, वेल्ह्याच्या वळणापर्यंत, लोण्यासारखा, कुठं एक गचका नाही. रस्ता तोच होता आणि पुढं खड्डे काही कमी नव्हते. पण आता मोटारीत सगुणाबाई नव्हती.

ती तशीच उभी राहिली. मोरी, आंबा, फरशी, खडी, एकेक तिला पुन्हा आठवलं, आणि प्रत्येकाबरोबर मागून पडलेली शिवीही आठवली. डोळ्यांचं दिसणं कधीच बंद झालं होतं, पाणी यायचं काही बंद झालं नव्हतं.

"मुडद्या," ती रिकाम्या रस्त्याला म्हणाली, "नवे पाटे मोडशील की रं." आणि काठी पुढं टाकून बनाबाईच्या घराकडं निघाली.